सणाची तारीख आणि तासगावचा बेदाणा

श्रावण तोंडावर आला की तासगावच्या बेदाणा बाजारातली लगबग वाढते. सौद्याच्या दिवशी व्यापारी बॉक्समधून मूठभर बेदाणा तळहातावर घेतात, उजेडाकडे धरून रंग बघतात, बोटांनी दाबून ओल अजमावतात, एखादा दाणा चावून बघतात आणि पुढच्या मालाकडे सरकतात. वर्षभर हे असंच चालतं. पण श्रावणाआधी याच मालाकडे बघण्याची नजर बदलते. मार्चमध्ये ज्या दाण्याला ‘बघू’ असं उत्तर मिळालेलं असतं, त्याच दाण्यावर आता बोली चढते. दाणा तोच, बागायतदार तोच. फरक पडलेला असतो तो पंचांगात. राखी, सत्यनारायणाचा शिरा, गणपतीचं पंचखाद्य, नवरात्र आणि मग दिवाळी अशी रांग समोर उभी असते आणि उत्तरेकडच्या मोठ्या बाजारपेठांना त्या रांगेच्या आधी माल आपल्या गोदामात हवा असतो.

सांगली जिल्ह्यातला बागायतदार द्राक्ष पिकवण्यात कुणाला हार जाणारा नाही. थॉम्पसनमधून निवडलेली तास-ए-गणेश ही जात याच तासगावच्या मातीतली. छाटणीपासून फवारणीपर्यंतचा त्याचा अभ्यास एखाद्या संशोधकाला शोभावा असा असतो. मात्र तयार झालेला माल कोणत्या सणाला, कोणत्या वजनात, कुणाच्या हातात पडणार आहे, याचा अभ्यास आपल्याकडे फार थोड्या जणांनी केला आहे. आणि सणाच्या बाजारात खरी कमाई त्याच अभ्यासाला मिळते.

बेदाण्याचं वर्ष कसं जातं ते आधी पाहू. द्राक्षाचा घड साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत उतरतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात तो काही मिनिटं बुडवतात. त्यामुळे सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि आतलं पाणी लवकर निघून जातं. मग शेडमधल्या जाळीच्या रॅकवर पसरून सावलीत वाळवायचा. पंधरवड्याच्या आत-बाहेर माल तयार होतो. चार किलो द्राक्षांमागे एक किलो बेदाणा, हा सगळ्यांच्या तोंडी असलेला हिशेब. कवठे महांकाळच्या पूर्वेला, नागज आणि त्यापुढे जुनोनीच्या माळावर शेडच्या रांगाच्या रांगा दिसतात, कारण तिथली हवा कोरडी. पाऊस कमी म्हणून ज्या माळाला पिढ्यान् पिढ्या नावं ठेवली गेली, त्याच माळाचा कोरडेपणा आज बेदाण्याच्या कामी येतो. वाळल्यावर गंधकाची धुरी, मग प्रतवारी आणि शेवटी पंधरा किलोचा बॉक्स.

म्हणजे एप्रिल संपता संपता वर्षाचा सगळा माल तयार असतो आणि खाणारा मात्र तो वर्षभर, सणासणाला खाणार असतो. मधला काळ कोल्ड स्टोअरेजचा. बाहेर ठेवलेला हिरवा बेदाणा उन्हाळ्या-पावसाळ्यात तांबूस पडतो आणि रंग उतरला की भाव उतरतो. म्हणून भाडं भरून माल थंडीत ठेवायचा आणि ‘कधी काढू?’ या प्रश्नाशी झुंजत बसायचं. सोसायटीचं कर्ज, औषधाच्या दुकानाची उधारी, मुलीची फी या गोष्टी पंचांग बघून येत नाहीत. त्यामुळे बरेच जण गरज पडेल तेव्हा माल काढतात. ज्याला थांबता येतं तो सणाची वाट बघतो. दोघांचा बेदाणा एकाच शेडमध्ये वाळलेला असला तरी हाती पडणारे पैसे वेगळे असतात.

दिवाळीच्या सुमारास तर हा बाजार स्वतःच काही आठवडे सौदे बंद ठेवतो. त्या काळात व्यापाऱ्यांनी, आडत्यांनी एकमेकांची आणि शेतकऱ्यांची बाकी चुकती करायची. याला इथे ‘झिरो पेमेंट’ म्हणतात. हिशेब शून्यावर आणायचा आणि मग नव्याने व्यवहार सुरू करायचा. वहीपूजनाच्या परंपरेतून आलेली ही शिस्त मला फार मोलाची वाटते, कारण उधारीवर चालणाऱ्या बाजारात शेतकऱ्याला वर्षातून एकदा तरी पूर्ण पैसे मिळण्याची हमी त्यातून येते. पण याचा दुसरा अर्थही आहे. ज्याला दिवाळीचा भाव घ्यायचा आहे, त्याने सौदे थांबण्याच्या बरंच आधी माल विकलेला हवा. दिवाळीचा ग्राहक दुकानात जातो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि त्याच्या पिशवीत पडणारा बेदाणा तासगावातून निघालेला असतो तो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये.

सणाची तारीख गाठणाऱ्यांचं उदाहरण चीनच्या बाजारात सापडतं. पण चीनचं नाव निघालं की सांगलीत हल्ली आधी आठवतो तो चिनी बेदाणा. शिनजियांगमधल्या तुर्पानचा हा माल अफगाणिस्तानमार्गे, शुल्क चुकवून आपल्या बाजारात येतो आणि ऐन सणात आमचे दर पाडतो, अशी तक्रार २०२५ मध्ये इथल्या बागायतदारांनी जोरात मांडली. तक्रारीचा पाठपुरावा व्हायलाच हवा. पण चीनकडून शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. तिथल्या सणांच्या बाजारपेठेत परक्या देशातल्या शेतकऱ्यांनी जागा कशी मिळवली, ते द्राक्ष-बेदाण्याच्या माणसाने मुद्दाम बघावं.

दक्षिण अमेरिकेतला चिली हा देश चीनपासून पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथली चेरी नोव्हेंबर ते जानेवारीत पिकते. चिनी नववर्ष, म्हणजे वसंतोत्सव, येतो जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत. या सणाला शहरात कामाला गेलेली कोट्यवधी माणसं गावी परततात आणि रिकाम्या हाताने कुणीच जात नाही. सासरी, थोरामोठ्यांकडे, साहेबांकडे फळांची पेटी नेण्याची पद्धत आहे. चिलीच्या निर्यातदारांनी हे नीट हेरलं. लाल रंग तिथे शुभ. चेरी लालभडक, गोल आणि त्या थंडीत चीनमध्ये स्वतःची ताजी चेरी नसते. त्यांनी पेटीचं वजन भेट देण्याजोगं ठेवलं, वेष्टन लाल-सोनेरी केलं आणि फक्त चेरीसाठी वेगवान जहाजांच्या फेऱ्या सुरू केल्या. महिन्याहून जास्त लागणारा सागरी प्रवास त्यामुळे साधारण तेवीस दिवसांवर आला. आज चिलीच्या निर्यातीच्या चेरीपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास एकट्या चीनमध्ये जाते. चिनी माणसाच्या बापजाद्यांनी नववर्षाला कधी चेरी खाल्ली नव्हती. बाहेरच्यांनी आणलेलं हे फळ वीस-पंचवीस वर्षांत सणाचं फळ होऊन बसलं.

आणि याच गोष्टीची दुसरी बाजूही लगेच दिसली. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस ‘मर्स्क साल्तोरो’ नावाचं जहाज तेराशेहून अधिक कंटेनर भरून चेरी घेऊन चिलीहून निघालं. जानेवारीत भर पॅसिफिकमध्ये त्याचं इंजिन बंद पडलं. २०२५ मध्ये चिनी नववर्ष होतं २९ जानेवारीला. जहाज चीनच्या नान्शा बंदराला लागलं फेब्रुवारीच्या मध्यानंतर. बरीचशी चेरी खराब झाली होती आणि जी शाबूत होती, तिला पेटीत घालून नेणारा पाहुणा आपापल्या कामावर परतला होता. सणाच्या मालाचं हे असंच असतं. बाजाराच्या मालाला उशीर झाला तर दर थोडा उतरतो. सणाच्या मालाला उशीर झाला तर गिऱ्हाईकच उरत नाही.

तारखेचा हा खेळ समजायला आपल्याला चिन्यांपेक्षा जड जाऊ नये, कारण त्यांचं पंचांग आणि आपलं पंचांग एकाच तत्त्वावर चालतं. महिने चंद्राचे, वर्ष सूर्याचं, आणि दोघांचा मेळ घालायला सुमारे तीन वर्षांनी एक जादा महिना. आपल्याकडे तो अधिक मास, त्यांच्याकडेही अगदी तसाच. २०२३ मध्ये आपल्याकडे श्रावण अधिक होता, तर त्यांच्याकडे दुसरा महिना दोनदा आला. त्यांचा चंद्रोत्सव आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला. २०२४ मध्ये तो १७ सप्टेंबरला, आपल्या अनंत चतुर्दशीच्या दिवशी आला. २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला, म्हणजे थेट कोजागरीला. आपण आटीव दुधात चंद्र बघत होतो, त्याच रात्री तिकडे घराघरांत मूनकेक कापले जात होते.

अधिक मासाचा व्यापारावर होणारा परिणाम मोठा आहे आणि तो कुणी फारसा मोजत नाही. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आल्याने ते ८ नोव्हेंबरवर गेलं. अठरा दिवसांचा फरक. कोल्ड स्टोअरेजचं भाडं, व्यापाऱ्याची खरेदी, वेष्टनाची छपाई, सगळं त्या अंतराने सरकतं. मागच्या वर्षीची इंग्रजी तारीख डोक्यात ठेवून सणाची तयारी करणारा एक तर आधी पोचतो, नाही तर मागे पडतो.

मूनकेकवरून आठवलं म्हणून थोडं आडवळण घेतो. चंद्रोत्सवाला ही भरलेली गोल मिठाई भेट द्यायची चाल जुनी. त्यात परदेशी कंपन्या शिरल्या. हागेन-दाझने १९९० च्या दशकाच्या अखेरीस आइस्क्रीमचा मूनकेक आणला आणि तो चाललाही, कारण आकार, पेटी आणि देण्याची रीत तीच ठेवून त्यांनी फक्त आतलं सारण बदललं. पुढे मात्र पेट्यांचा डामडौल इतका वाढला, की मिठाई पाच रुपयांची आणि खोकं पन्नासाचं म्हणावं अशी गत झाली. शेवटी सरकारने वेष्टनाच्या थरांवर मर्यादा घातल्या आणि २०२२ मध्ये ५०० युआनहून महाग पेट्यांवर लक्ष ठेवायला सुरुवात केली. दुसरीकडे, २०१५ मध्ये ब्रिटनच्या बर्बेरीने आपल्या प्रसिद्ध चौकड्यांच्या मफलरवर सौभाग्याचं चिनी अक्षर भरून नववर्षासाठी विकायला काढलं, तेव्हा समाजमाध्यमांवर त्याची टिंगलच झाली. नकली मालासारखं दिसतं, असं लोक म्हणाले. सणाचं चिन्ह उचलून मालावर चिकटवणं आणि सणात त्या मालाला खरोखरचं काम देणं, या दोन गोष्टींत हे अंतर आहे.

आता आपल्याकडे येऊ. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्येच मिळालं होतं आणि कोरेगावच्या वाघ्या घेवड्यालाही ते आहे. एवढ्या छोट्या टापूत चार मानांकनं ही साधी गोष्ट नाही. पण पुण्या-मुंबईच्या दुकानात दिवाळीच्या सुक्या मेव्याची खोकी उघडून बघा. बदाम कॅलिफोर्नियाचा असल्याचं ठळक छापलेलं असतं. पिस्ता कुठला तेही दुकानदार सांगतो. बेदाण्याच्या कप्प्यावर गावाचं नावच नसतं. तासगावचा, जतचा माल पंधरा किलोच्या बॉक्समधून गेलेला, वाटेत कुणी तरी पाव-पाव किलोत बांधलेला, आणि मग नाव त्याचं, भाव त्याचा. यात व्यापाऱ्याला दोष देण्याचं कारण नाही. सणाच्या घराला जे वजन हवं ते त्याने दिलं. ते आपण दिलं नाही, एवढंच.

हे काम आपल्या भागाला जमत नाही म्हणावं, तर इतिहास तसं सांगत नाही. औंध संस्थानच्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तिथून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. कारखान्याची बातमी गिऱ्हाइकापर्यंत पोचवणाऱ्या पत्रकाचं पुढे ‘किर्लोस्कर’ हे मासिक झालं आणि त्याने महाराष्ट्राच्या वाचकाला घडवलं. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर यांना चित्र आणि जाहिरात दोन्हींची जाण होती. नांगर विकायचा तर शेतकऱ्याशी आधी बोलायला हवं, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. दिवाळी अंक हा तर मराठी माणसाने सणातून उभा केलेला व्यवसायच आहे. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, आणि फराळाच्या ताटाशेजारी वाचनाला कायमची जागा मिळाली. ती जागा आजही जाहिरातींच्या बळावर टिकून आहे.

दुधाचंच बघा. भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ मध्ये भिलवडीला दुधाचा व्यवसाय सुरू केला. १९५० मध्ये पुण्यात चितळे बंधूंचं दुकान आलं. पाडव्याला आणि दसऱ्याला श्रीखंड, दिवाळीला फराळ आणि परदेशातल्या लेकीसुनांना कुरियरने चकली-करंजी. सणाला घरात काय लागतं आणि ते आता घरी करायला कुणाला वेळ नाही, हे ओळखून उभं राहिलेलं हे नाव आपल्याच कृष्णाकाठचं आहे. पाचगणीच्या मॅप्रोने, जिची सुरुवात १९५९ मध्ये जॅमपासून झाली, तर स्वतःचाच सण तयार केला. ईस्टरच्या सुट्टीच्या सुमारास गुरेघरला त्यांचा स्ट्रॉबेरी महोत्सव भरतो. स्ट्रॉबेरीला आपल्या पंचांगात कुठलाच दिवस नव्हता. फळाचा हंगाम उतरणीला लागायच्या आत, शाळांच्या परीक्षा आटोपत आलेल्या असताना आणि शहरी माणूस घाटाकडे निघालेला असताना त्यांनी तो दिवस नेमका पकडला.

मला मात्र सर्वांत मोठी संधी दिसते ती यात्रांमध्ये, आणि तिच्याकडे मोठ्या कंपन्यांचं जवळपास लक्षच नाही. त्यांचं वर्ष गणपती, नवरात्र, दिवाळी एवढ्यात संपतं. सातारा-सांगलीच्या गावाचं वर्ष तसं नसतं. इथल्या गावाचा सर्वांत मोठा दिवस म्हणजे ग्रामदैवताची यात्रा. विटा, खानापूर, आटपाडी, कडेगाव, खटाव, माण या पट्ट्यातले गलाई बांधव सोन्याचांदीच्या शुद्धीकरणासाठी केरळपासून काश्मीरपर्यंत पसरलेले आहेत. पाटण, जावळी, कोरेगावकडचे माथाडी मुंबई-नवी मुंबईत. दिवाळीला दुकान सोडता येत नाही, लग्नालाही येणं होत नाही, पण यात्रेला ते येतात. चैत्र-वैशाखात गावोगावी जादा एसटी, खासगी बस आणि बाहेरच्या राज्यांच्या नंबरप्लेटच्या गाड्या दिसायला लागतात. चिनी वसंतोत्सवात माणसं जशी गावाकडे धावतात, तशीच ही धाव. फरक इतकाच, की चीनमध्ये सगळ्यांचा दिवस एक असतो आणि इथे प्रत्येक गावाचा वेगळा. त्यामुळे दिल्ली-मुंबईच्या कचेरीत बसून हा बाजार दिसतच नाही.

गावी आलेला गलाई माणूस यात्रेत काय करतो? कुस्त्यांच्या मैदानाला इनाम लावतो. मंदिराच्या कामाला वर्गणी देतो. नवस फेडतो, भावकीला जेवण घालतो, बहिणीला साडी नेसवतो. आणि परत जाताना गाडीत गावाकडचं काही तरी भरून नेतो. ज्वारी, शेंगदाणे, हळद, चटणी, पेढे. कोइमतूर नाही तर पाटण्याला त्याच्या दुकानाशेजारी जो व्यापारी आहे, त्याला तो यातलंच काही भेट म्हणून देतो. म्हणजे सांगलीची हळद आणि तासगावचा बेदाणा देशभर पोचवणारी माणसं आधीपासून तयार आहेत. त्यांच्या हातात देण्याजोगी, गावाचं नाव असलेली, प्रवासात न फाटणारी अर्ध्या किलोची पेटी मात्र तयार नाही. साताऱ्याच्या कंदी पेढ्याने हे काम आपसूक केलं. खवा तांबूस होईपर्यंत भाजलेला असल्याने तो टिकतो, प्रवास सोसतो आणि नावातच गाव घेऊन फिरतो. त्यामागे कुठल्याही एका कंपनीची जाहिरात नव्हती.

यात्रांची गर्दी एकसारखी नसते. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांची यात्रा मार्गशीर्षात. तिथे बैलबाजार भरतो, शेतीचं प्रदर्शन लागतं आणि भाविक रथाला नोटांच्या माळा वाहतात. खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार. शिखर शिंगणापूरला चैत्रात कावडी. ठिबकची नळी, पशुखाद्य, पाण्याची मोटर विकणाऱ्याला पुसेगाव हवं. साडी आणि मिठाईवाल्याला गावची जत्रा हवी. तासगावचा रथोत्सव गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी. दोरखंडांनी रथ ओढला जातो, गुलालाने रस्ता लाल होतो, आणि दीड दिवसात उत्सव आटोपतो. तिथे दहा दिवसांची योजना घेऊन जाणारा तिसऱ्या दिवशी एकटाच उभा राहील.

आता एक वस्तू जरा जवळून बघू, ती म्हणजे भंडारा. कराड तालुक्यात तारळी नदीच्या काठी पालचा खंडोबा आहे. पौषात तिथे खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं. त्या दिवशी आकाश, नदी, माणसं सगळं पिवळं होतं. कवठे महांकाळ तालुक्यात आरेवाडीच्या बिरोबाच्या बनातही भंडाऱ्याची तशीच उधळण. भंडारा म्हणजे हळद. आणि हळद म्हणजे सांगली. कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूरला जमिनीखाली पेवं खणून वर्षानुवर्षं हळद साठवली जायची. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली, तरी देशभरातली हळद आजही सांगलीच्या बाजारात येते. असं असताना खंडोबाच्या अंगावर पडणारी पूड हळदीचीच आहे याची खात्री भाविकाला नसते. जेजुरीला भेसळीच्या भंडाऱ्याबद्दल तक्रारी वेळोवेळी झाल्या आहेत. रंगवलेली स्वस्त पूड डोळ्यांत जाते, कातडीला झोंबते, कपड्यावर बसली की निघत नाही. भाविकाला त्याचा त्रास होतो, देवालाही ते शोभत नाही.

शंभर ग्रॅमची पुडी, आत फक्त सांगलीची हळद, बाहेर मानांकनाची खूण आणि दळल्याची तारीख, एवढ्यावर एखाद्या शेतकरी कंपनीला पौषात उभं राहता येईल. पालच्या यात्रेला ती पुडी दुकानदारांकडे आधीच पोचलेली हवी. उरलेली चिमूट भाविक घरी नेतो, देव्हाऱ्यात ठेवतो, वर्षभर कपाळाला लावतो. छापील जाहिरात इतके दिवस कुणाच्या घरात राहात नाही. शिवाय पौषातच संक्रांत. ती सूर्याची असल्याने १४-१५ जानेवारी सोडून हलत नाही, त्यामुळे नियोजनाला सोपी. हळदीकुंकवाला बायका वाण लुटतात, त्यात प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी पन्नास ग्रॅम हळदीची पुडी जायला काय हरकत आहे? गणपतीच्या पूजेच्या तयार संचात हळकुंड असतंच. तेही सांगलीचं असण्याची शक्यता दांडगी, फक्त संचावर तसं लिहिलेलं नसतं.

यात्रेत शिरू पाहणाऱ्या मोठ्या कंपन्यांना एक सांगावंसं वाटतं. आज त्यांची हजेरी म्हणजे कमानीवरचा फलक आणि त्यावर देवापेक्षा मोठी बाटली. वाई तालुक्यात मांढरदेवीच्या डोंगरावर काळूबाईच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ ला झालेल्या चेंगराचेंगरीत पावणेतीनशेहून अधिक माणसं गेली. अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि अफाट गर्दी. ज्या घरांतली माणसं गेली, ती घरं याच जिल्ह्यांतली आणि शेजारच्या जिल्ह्यांतली. अशा ठिकाणी फलकावर खर्च होणारे पैसे दिव्यांना, पिण्याच्या पाण्याला, वाट दाखवणाऱ्या पाट्यांना, पायऱ्या कोरड्या ठेवणाऱ्या माणसांच्या रोजाला गेले, तर त्या कंपनीचं नाव लोक आपणहून घेतील. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीला जिवंत नागांबाबत न्यायालयाचे आदेश आहेत, तिथे कुणी नागाचा खेळ आपल्या जाहिरातीत वापरू नये. यात्रेचा मान गावाचा आहे. यात्रा समितीशी बोलल्याशिवाय तिथे पाऊल टाकू नये.

लहान उत्पादकाला यात अवघड काय आहे? परवाने तसे फार नाहीत. खाद्यपदार्थ म्हणून एफएसएसएआयची नोंदणी, वेष्टनावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, किंमत आणि बांधल्याची तारीख, आणि मानांकनाची खूण वापरायची तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद. शेतकऱ्याने स्वतःचा बेदाणा विकला तर त्यावर जीएसटी लागत नाही, असा खुलासा जीएसटी परिषदेने डिसेंबर २०२४ मध्ये केलेला आहे. अवघड आहे ते भांडवल आणि धीर. पंधरा किलोचा बॉक्स सौद्यात दिला की पैसे ठरल्या मुदतीत येतात. पाव किलोच्या साठ पुड्या करून विकायच्या तर दोन महिने पैसे अडकतात आणि सण हुकला तर माल अंगावर पडतो. म्हणून सगळा माल पुड्यांत घालायचा सल्ला मी कुणालाही देणार नाही. उत्पादक गटाने मिळून दहा बॉक्समागे एक बॉक्स बाजूला काढावा, एकच सण निवडावा आणि त्या एका सणाचा हिशेब पुरा करावा.

कोणता सण निवडावा, यासाठी पुढच्या दहा वर्षांकडे बघायला हवं, आणि इथे मला रमजान फार महत्त्वाचा वाटतो. इस्लामी पंचांगात अधिक महिना नाही. त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२५ मध्ये तो मार्चच्या सुरुवातीला आला, २०२६ मध्ये फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. शीरखुर्म्याला, इफ्तारला बेदाणा लागतो आणि त्याची खरेदी महिनाभर आधी होते. आजवर काही वर्षं नवा माल शेडमधून निघायचा आणि रमजानची मागणी सुरू व्हायची, असा योग जुळून येत होता. तो आता सुटत चालला आहे. २०२७ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येईल. म्हणजे माल डिसेंबर-जानेवारीत बाहेर पडायला हवा आणि तेव्हा नवा बेदाणा नसतो. २०३० मध्ये तर रमजान एकाच वर्षात दोनदा सुरू होईल, एकदा जानेवारीत आणि एकदा डिसेंबरच्या अखेरीस. २०३५ च्या सुमारास तो दिवाळीला येऊन भिडेल, जसा २००५ मध्ये भिडला होता, आणि दोन्ही सणांची मागणी एकाच महिन्यात उसळेल. तोवरची सगळी वर्षं रमजानचा बेदाणा हा आदल्या हंगामाचा, कोल्ड स्टोअरेजमध्ये हिरवा राखलेला बेदाणा असणार. तो किती ठेवायचा, कुणाच्या शीतगृहात, कोणत्या प्रतीचा, हे त्या त्या वर्षी दिवाळीचं झिरो पेमेंट सुरू होण्याआधीच ठरवावं लागेल.